अक्कलदाढ : शस्त्राच्या अलीकडे आणि पलीकडे

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. अक्कलदाढेची अवस्था या दोहोंहून निराळी. दाढ आहे, चणेही आहेत. परंतु जबड्यात तिला बसावयास जागाच नाही! घरातील सर्व माणसे निजानीज करून गेल्यावर अपरात्री दाराशी येणाऱ्या पाहुण्याप्रमाणे ती सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास येते. कोणाकडे ती निमूटपणे कोपऱ्यात बसते, कोणाकडे आडवी होऊन शेजारणीस ढुशा देते, तर कोणाकडे अर्धी आत व अर्धी बाहेर राहून साऱ्या घराची झोप उडविते. पाचांतील एखाद्या माणसास तर चारही अक्कलदाढा येतच नाहीत. एखादी तरी जन्मतःच गैरहजर असते. अशांच्या अकलेत काही उणे पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

या विषयावर लिहिण्यास कारण झाले ते असे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका तरुणाची अक्कलदाढ काढावी लागली. तो निपाणीस तंबाखूच्या एका वखारीत हिशेबनीस होता. दाढ काढण्यासाठी तो बेळगावास आला. काम पाऊण तासात झाले. सुई टोचल्यापलीकडे काही कळलेही नाही, असे त्याने त्या संध्याकाळी मोठ्या कौतुकाने सांगितले. चौथ्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पाहवेना. दाढेच्या जागेपासून कानापर्यंत असा ठणका लागला होता, की पूर्वीचे दुखणे बरे म्हणावे. दंतवैद्यांनी खोदून विचारल्यावर निष्पन्न झाले, की दुसऱ्याच दिवशी वखारीत परतल्यावर त्याने नेहमीप्रमाणे विडी ओढली होती व रात्री गालात तंबाखूची चिमूट धरली होती. काय करावे व काय करू नये याचा छापील कागद त्यास मिळाला होता. तो कन्नड व इंग्रजी अशा दोन भाषांत होता. आमचा हिशेबनीस मराठी शाळेत शिकलेला. त्याने कागदाची घडी करून तो खिशात ठेवला आणि तेथेच तो राहिला.

शस्त्र बिघडले नव्हते; शस्त्राच्या पलीकडचे बिघडले होते. हा भेद आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता, हे आम्हांस नंतर सुश्रुतसंहिता चाळताना आढळले. म्हणून अक्कलदाढेची ही लहानशी बखर वाचकांपुढे ठेवीत आहो.

नावाची हकीकत

'अक्कल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारशीमार्गे आला. अरबीत या दाढेस 'दिर्स अल्-अक्ल' म्हणतात, फारशीत 'दंदान-ए-अक्ल'. दरबारी भाषेबरोबर ही कल्पनाही दख्खनेत उतरली व मराठीत अक्कलदाढ झाली. युरोपातही हाच अर्थ दिसतो. प्राचीन ग्रीकांनी या दाढांस 'सोफ्रोनिस्तेरेस', म्हणजे समंजसपणा आणणाऱ्या, असे नाव दिले होते. लॅटिनमध्ये त्या 'देन्स सापिएन्तिए' झाल्या. जपानी लोकांनी मात्र निराळी वाट धरली. ते हिला 'ओयाशिराझु' म्हणतात, म्हणजे आईबापांस ठाऊक नसलेली! ही दाढ येते तेव्हा मूल आईबापांच्या हाताखालून निसटलेले असते, असा त्यातील भाव असावा. अक्कल येण्याचे वय आणि आईबापांस न कळण्याचे वय एकच, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दाढ अडचणीत का येते, याचा विचार डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. सुधारलेल्या समाजांत ही दाढ क्षीण होत चालली आहे असे त्याने नोंदविले व मऊ, शिजविलेल्या अन्नाने जबड्यास काम कमी पडते याच्याशी त्याचा संबंध जोडला. जबडा आखूड झाला, दातांची संख्या मात्र तीच राहिली. मग शेवटी येणारीने उभे राहावे कोठे? जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहता सुमारे चारांतील एका माणसाची एखादी तरी अक्कलदाढ हाडात किंवा हिरडीत अडकलेली आढळते.

सुश्रुताची दृष्टी

सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आहे. त्यांपैकी पंधरा दातांच्या मुळांशी होणारे. या पंधरांत दोन रोग असे आहेत, की त्यांची लक्षणे वाचताना आजच्या दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला रोगीच डोळ्यांपुढे उभा राहतो.

पहिला 'वर्धन'. वातामुळे एक अधिक दात तीव्र वेदनेसह वर येतो आणि तो पुरता उगवला म्हणजे वेदना आपोआप शमते, असे त्याचे वर्णन आहे. दुसरा 'अधिमांसक'. हनुवटीच्या, म्हणजे खालच्या जबड्याच्या, अगदी शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज येते, ठणका लागतो, लाळ गळते व हा रोग कफजन्य असतो, असे सुश्रुत सांगतो. अर्धवट उगवलेल्या खालच्या अक्कलदाढेवर हिरडीचे झाकण राहते. त्याखाली अन्नाचे कण साचतात, जंतू माजतात व ते झाकण सुजून वरच्या दाढेखाली चेंगरले जाते. आजच्या वैद्यकाने वर्णिलेली ही स्थिती आणि सुश्रुताचा अधिमांसक यांत फारसे अंतर उरत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की सुश्रुताने या दाढेस अकलेचे नाव दिले नाही. त्याने जागा पाहिली, सूज पाहिली, लाळ पाहिली आणि त्यावरून नाव ठेविले.

उपायही त्याने तितकाच स्पष्ट दिला आहे. अधिमांसकात वाढलेले मांस छेदून टाकावे. वेखंड, तेजोवती, पाठा, सज्जीखार व जवखार यांचे चूर्ण मधात कालवून तेथे लावावे. पिंपळी व मध यांचा कवल धरावा. पडवळ, त्रिफळा व निंब यांच्या काढ्याने जागा धुवावी. अधिक दात काढून टाकावा व मागाहून अग्निकर्म करावे, असेही तो सांगतो. दात पाडण्यासाठी चार अंगुळे लांबीच्या, शरपुंखाच्या आकाराचे मुख असलेल्या यंत्राचा उल्लेख पुढे वाग्भटाने केला आहे. म्हणजे हत्यार होते, हात होता आणि धाडसही होते.

या धाडसास लगाम होता, हे अधिक महत्त्वाचे. वरचा दात घट्ट रुजलेला असता तो समूळ उपटल्यास रक्त अतिशय जाते आणि त्यातून भयंकर उपद्रव होतात, दृष्टी जाते किंवा तोंड वाकडे होते, असा सुश्रुताचा इशारा आहे. म्हणून वरचा दात हालत असला तरी वैद्याने तो काढू नये, असे त्याने बजाविले. आज वरचे दात सुखरूप काढले जातात. तथापि रक्तस्रावाची ही धास्ती ज्याने प्रत्यक्ष पाहिली त्याचीच असू शकते, पोथीत बसून रचलेली नव्हे.

आणि आता मुख्य मुद्दा. सुश्रुताने सर्व चिकित्सेचे तीन भाग केले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म. शस्त्र चालते ते केवळ मधल्या भागात. त्याच्या अलीकडे तयारी आणि पलीकडे जोपासना. पूर्वकर्मात यंत्रे, शस्त्रे, क्षार, अग्नी, कापूस, वस्त्र, दोरा, मध, तूप, पाणी, तसेच धीराचे व बलवान परिचारक यांची सिद्धता करण्यास त्याने सांगितले. शुभ तिथी, करण, मुहूर्त व नक्षत्र पाहावे. अग्नी, ब्राह्मण व वैद्य यांची पूजा करावी. मग कर्मास हात घालावा. इतर बहुतेक शस्त्रकर्मांत रोग्यास आधी हलके अन्न द्यावे. ज्यास मद्याची सवय आहे व वेदना सोसवत नाही त्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे अन्नामुळे तो मूर्च्छित होत नाही व मद्यामुळे शस्त्र त्यास कळत नाही. मात्र मूढगर्भ, उदर, मूळव्याध, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग यांत रोग्याने काही खाल्लेले नसावे. तोंडातले रक्त घशात उतरते, ओकारी येते, श्वासाची वाट अडते. रिकाम्या पोटाच्या नियमामागे असा अनुभव असावा, असे आम्हांस वाटते.

मधला अंधार

सुश्रुताचा हा वारसा पुढील शतकांत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला नाही. वैद्य काढे व चूर्णे देत राहिले. हत्यार मात्र न्हाव्याच्या धोपटीत आणि वैदूच्या झोळीत गेले. बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून दात उपटणारे वैदू पाहिलेली वृद्ध माणसे आमच्या भागात आहेत. 'दातातील कीड काढतो' म्हणून हिंडणारेही असत. भुईरिंगणीच्या बियांची धुरी नळीवाटे तोंडात देत आणि वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे पडल्याचे दाखवीत. किडे कोठून येत ते धुरी देणारासच ठाऊक! रोग्यास घटकाभर बरे वाटे व दाढ आतून पोखरत राही.

घरोघरी आधार होता तो लवंगेचा. लवंगेचे तेल कापसावर घेऊन दुखऱ्या दाढेत धरणे, हा आजीच्या बटव्यातला उपाय खोटा नव्हता. त्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य मज्जातंतूंस बधिर करते व आजही दंतवैद्य ते जस्ताच्या भुकटीत मिसळून दाढेत भरतात. पण लवंग वेदना झाकते. अडकलेली दाढ काही ती सरळ करीत नाही. हा भेद न उमगल्याने कित्येकांनी सूज मानेपर्यंत उतरू दिली. खालच्या अक्कलदाढेतला पू जिभेखाली व गळ्यात पसरला तर श्वास कोंडतो. १८३६ साली लुड्विग नावाच्या जर्मन वैद्याने या अवस्थेचे वर्णन केले. त्या काळी ती बहुधा प्राणावर बेतत असे आणि उशीर केल्यास आजही बेतते.

वेदना हरली ती दाढेपायीच

वेदनाहरणाच्या आधुनिक शोधाचा आरंभ अक्कलदाढेपासून झाला, हे वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. १८४४ च्या डिसेंबरात त्याने हास्यवायूचा एक खेळ पाहिला. वायूच्या धुंदीत एका माणसाचा पाय खरचटून रक्त आले, पण त्यास त्याची जाणीवच नव्हती. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबर रोजी, वेल्सने स्वतःच वायू हुंगला आणि रिग्ज या सहकाऱ्याकडून आपली दुखरी अक्कलदाढ उपटून घेतली. त्यास वेदना झाली नाही. पुढील जानेवारीत बोस्टन येथे केलेला त्याचा जाहीर प्रयोग फसला. रोगी कण्हला व प्रेक्षकांनी वेल्सची हुर्यो केली. त्याचाच जुना शिष्य व भागीदार मॉर्टन, हाही दंतवैद्यच, याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचा प्रयोग तेथेच यशस्वी करून दाखविला. यश मॉर्टनच्या पदरी पडले. वेल्सने १८४८ साली निराशेत जीव दिला. १८४७ सालीच ईथर कलकत्त्यास पोहोचले होते.

पुढील पायऱ्या भराभर पडल्या. १८८४ साली कोलरने कोकेनने डोळा बधिर केला आणि त्यापाठोपाठ अमेरिकन शल्यवैद्य हॉल्स्टेडने खालच्या जबड्याची नाडी सुईने बधिर करून दाखविली. अक्कलदाढेसाठी आज जी सुई देतात तिचे मूळ तेथे आहे. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनने क्ष-किरण शोधले व दोनच महिन्यांनी, जानेवारी १८९६ मध्ये, वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने आपल्या दातांचे छायाचित्र घेतले. आता हाडात दडलेली दाढ दिसू लागली. १९२६ साली विंटरने अडकलेल्या खालच्या दाढांचे त्यांच्या कलावरून वर्गीकरण केले : उभी, आडवी, पुढे झुकलेली, मागे झुकलेली. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन याने लिग्नोकेन तयार केले. सुश्रुताने मद्याकडून जे काम करून घ्यावयाचे ठरविले होते, ते एक-दोन घन सेंटिमीटर औषधाने होऊ लागले.

आमच्या भागात

आमच्या सीमाभागात शस्त्रक्रियेविषयीची भीती घालविण्यात मिरजेचा वाटा मोठा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तेथे मिशनचे रुग्णालय उघडले व १८९७ साली वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. दातांच्या स्वतंत्र शिक्षणास आपल्या देशात वेळ लागला. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंत-महाविद्यालय काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत-महाविद्यालय १९३३ साली निघाले. आणि १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यकास शिस्त आली.

बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून स्थापन केलेल्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन संस्थेने १९३३ साली आयुर्वेदाचे महाविद्यालय व १९८५ साली दंत-महाविद्यालय काढले. मराठा मंडळाचेही दंत-महाविद्यालय याच नगरात आहे. गोमंतकात बांबोळी येथे १९८० पासून सरकारी दंत-महाविद्यालय आहे. म्हणजे ज्या बेळगावात सुश्रुताचा अधिमांसक विद्यार्थ्यांस पढविला जातो, त्याच बेळगावात तीच दाढ क्ष-किरणाखाली पाहून काढली जाते. निपाणी, चिकोडी, खानापूर येथील माणसास आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. हत्यार जवळ आले. ज्ञानही जवळ आले. उरले ते रोग्याचे काम.

पूर्वकर्म

दाढ काढावी की नाही, हा पहिला प्रश्न. सुश्रुताच्या वर्धनाप्रमाणे पुरती उगवून शांत झालेली दाढ उगाच काढू नये. इंग्लंडमध्ये २००० साली राष्ट्रीय पातळीवर असा दंडक घालण्यात आला, की रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. जी वारंवार सुजते, जी शेजारची दाढ किडविते, जिच्याभोवती पू वा गाठ होते, तिला निरोप द्यावा. सूज ऐन भरात असता बहुधा ती आधी उतरवितात व मग शस्त्र चालवितात. म्हणून दुखणे मुरवून ठेवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

ठरल्यावर छायाचित्र काढून घ्यावे. खालच्या जबड्यातून ओठ व हनुवटीस संवेदना देणारी नाडी जाते. दाढेची मुळे तिच्या किती जवळ आहेत, हे त्यावरून कळते. रोग्याने आपली सर्व हकीकत मोकळेपणे सांगावी : मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपेचा विकार, गर्भारपण, कोणते औषध सोसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती सांगावी. आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

पोट रिकामे असावे की भरलेले? येथे सुश्रुताचा नियम व आजचा नियम यांत तडजोड झाली आहे. जागा बधिर करून दाढ काढावयाची असल्यास आधी हलके जेवावे व नेहमीची औषधे घ्यावी, म्हणजे भोवळ येत नाही. पूर्ण भूल द्यावयाची असल्यास मात्र साधारण सहा तास अन्न वर्ज्य. ती वेळ वैद्य सांगतील तीच पाळावी. आमच्या वाचकांत एकादशी व संकष्टी निष्ठेने करणारे पुष्कळ आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच, की उपवासाचा दिवस दाढेसाठी नेमू नये. मधुमेह्याने तर मुळीच नेमू नये. तिथी पाहण्यास सुश्रुतानेच सांगितले आहे. ती या अर्थाने पाहिली तरी त्याचा हेतू साधेल.

बरोबर एक जाणते माणूस न्यावे. घरी मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, कोकणी घरांतील पेज यांची तजवीज आधीच करून ठेवावी. आणि सूचनांचा कागद आपल्या भाषेत समजून घेतल्यावाचून खुर्चीत बसू नये. आमच्या सीमाभागात वैद्य एका भाषेत बोलतो, रोगी दुसरीत उत्तर देतो व औषधाची चिठ्ठी तिसरीत असते. यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. पण न समजलेली सूचना ही न दिलेल्या सूचनेसारखीच.

पश्चात्कर्म

गरज सरो वैद्य मरो, ही वृत्ती दाढ काढल्यावर सर्वांत घातक. दाढ गेली म्हणजे खळगा उरतो. त्या खळग्यात रक्ताची जी गुठळी जमते, तीच निसर्गाने घातलेली मलमपट्टी. तिच्याखाली हाड झाकले जाते व नवे मांस भरू लागते. पुढील सर्व पथ्य या एका गुठळीच्या रक्षणासाठी आहे, हे ध्यानी धरले म्हणजे यादी पाठ करावी लागत नाही.

कापसाची वा जाळीची घडी अर्धा ते एक तास घट्ट चावून धरावी. पहिला दिवस थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने ओढून काही पिऊ नये. ओढण्याने व थुंकण्याने गुठळी निसटते. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नये. तोंडभर ताजे रक्त येतच राहिले तर मात्र घडी चावून धरून वैद्यास कळवावे. पहिले चोवीस तास गालावर बर्फ थोडा वेळ लावावा, थोडा वेळ काढावा. उशी उंच घ्यावी. ओठ बधिर असेतो तो चावला जाणार नाही याची काळजी घ्यावी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते व मग उतरू लागते. तोंड नीट उघडण्यास आठवडाभर लागला तरी त्यात वावगे नाही. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हळुवार चुळा जेवणानंतर भराव्या. दिलेली औषधे दिलेल्या दिवसांपर्यंत घ्यावी. दुखणे थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत.

देवळात शंख फुंकणारे, सनई वाजविणारे व भजनात वरच्या पट्टीत गाणारे यांनी काही दिवस आपली सेवा दुसऱ्याकडे सोपवावी. विशेषतः वरची दाढ काढली असता नाकाशेजारची पोकळी तिच्या मुळांस लागून असते. फुंकण्याचा दाब तेथे अपाय करतो. देव काही आठ दिवसांच्या रजेने रागावत नाही.

आहाराविषयी सुश्रुताचे वचन पाहून आम्ही थक्क झालो. दंतरोग्याने आंबट फळे, थंड पाणी, कोरडे अन्न, दंतधावन आणि फार कठीण पदार्थ वर्ज्य करावे, असे तो सांगतो. थंड पाण्याविषयी आजच्या वैद्यकाचे त्याच्याशी जुळत नाही. पहिल्या दिवशी थंड व मऊ पदार्थ उलट सोयीचे मानतात. बाकी यादी आजच्या छापील कागदावर जशीच्या तशी उतरावी अशी आहे. दंतधावनापुरते इतकेच, की जखमेची जागा सोडून बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून मऊ कुंचल्याने स्वच्छ ठेवावे.

सूज तीन दिवसांनंतरही वाढत गेली, ज्वर आला, गिळताना वा श्वास घेताना अडचण झाली, किंवा ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर रात्र-अपरात्र न पाहता वैद्य गाठावा.

तंबाखूचे गाव

आता आमच्या हिशेबनिसाकडे वळू. त्यास जे झाले त्यास 'कोरडा खळगा' म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने १८९६ साली त्याचे वर्णन केले. गुठळी निसटते किंवा विरून जाते, हाड उघडे पडते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारा ठणका लागतो. विडी ओढताना तोंडात पडणारी पोकळी गुठळी खेचते, धुराने जखम भाजते व निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात. तंबाखूची चिमूट तर जखमेच्या शेजारीच जाऊन बसते.

निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ च्या तंबाखू-उत्पादकांच्या आंदोलनाने त्याचे नाव देशभर गेले. तंबाखूवर या भागातील हजारो चुली पेटल्या. त्या पिकास नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु याच पट्ट्यातील स्त्रिया तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांस लावतात व दाढ दुखू लागली की तीच औषध म्हणून हिरडीवर चोळतात. वेदना क्षणभर बोथट होते, हे खरे. १९६७ ते १९७१ या काळात महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखूच्या सवयी व तोंडाचे विकार यांचा संबंध तपासण्यात आला. त्या सवयींत मिश्रीही होती. सुपारी व गुटखा यांनी गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड दोन बोटेही उघडत नाही. १९५३ साली डॉ. जोशी यांनी मुंबईस भारतातील अशा रोग्यांचे वर्णन केले. ज्याचे तोंडच उघडत नाही त्याची शेवटची दाढ काढावयाची कशी? महाराष्ट्राने २०१२ साली व कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. घरातील मिश्रीच्या डबीवर बंदी घालणे सरकारच्या हाती नाही, ते घरच्यांच्या हाती आहे.

दाढ काढल्यावर निदान तीन दिवस, आणि शक्य तर खळगा भरेपर्यंत, तंबाखू सर्व रूपांत वर्ज्य करावी. आणि इतके दिवस ती सुटली, तर पुढेही सुटू शकते, हा पडताळा आपोआप मिळतो. आमच्या हिशेबनिसाच्या खळग्यात दंतवैद्यांनी लवंगतेलाचा बोळा बसविला व दोन-तीनदा बदलला. आजीच्या बटव्यातली लवंग अशा रीतीने योग्य हाती, योग्य वेळी पुन्हा उपयोगी पडली. त्याने विडी सोडली. मिश्रीची डबी त्याच्या आईने अद्याप सोडलेली नाही. तो प्रयत्न चालू आहे.

शेवटी सुश्रुताचीच एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करू. जखमी माणसाची शुश्रूषा कशी करावी, यावर त्याने स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात शय्या, वस्त्र, धुरी, आहार यांबरोबरच तो सांगतो, की गोड बोलणाऱ्या, धीर देणाऱ्या मित्रांनी रोग्याजवळ बसून गोष्टी सांगाव्या, म्हणजे व्रणाची वेदना लवकर विसरते. दाढ काढलेल्या माणसास बोलवत नाही. ऐकवते मात्र छान. तेव्हा घरात असा कोणी सुजल्या गालाने बसला असेल, तर त्याची अक्कल काढून थट्टा न करता पेजेची वाटी पुढे करावी, सूचनांचा कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि जवळ बसून एखादी जुनी गोष्ट सांगावी. पश्चात्कर्म त्यालाच म्हणतात.